सातवा पट्टा

सात सीट, सात पट्टे, डॅशबोर्डवर एक गणपती आणि मागच्या काचेवर सुरक्षेच्या चार ताऱ्यांचं फिकं पडलेलं स्टिकर. प्रांजलने तक्त्यात एवढं लिहिलं. रांजणगावच्या कंपनीच्या गेटवर सकाळपासून तपासलेली ही तिची चौदावी गाडी.

"हे तारे आता चालत नाहीत, ईश्वरदादा. नव्या चाचणीत या गाडीला दोनच मिळालेत."

"गाडी तीच हाय ना, मॅडम? मग दोन तारे गेले कुठं?"

"तेव्हा फक्त समोरून आदळून बघायचे. आता बाजूनंही आदळतात."

"म्हंजी पोरगं पास झालं आन् मग पेपर अवघड काढला."

हे आज ती तिसऱ्यांदा ऐकत होती. "एक सवलत आहे. सातही पट्टे चालू असतील तर अजून सहा महिने माणसं आणता येतील. नाहीतर एक तारखेपासून गाडी बंद."

गाडीवाल्या ईश्वरच्या सीटचा पट्टा सीटच्या मागून नेऊन अडकवलेला होता, घंटी वाजू नये म्हणून. तिने तो सोडवून ओढला आणि टेपने मोजला. दोन मीटरच्या वर आला. मागच्या सीटच्या पट्ट्यांची बकलं शिरूरला शिवून घेतलेल्या कव्हरखाली गेली होती. ईश्वरने ब्लेडने शिवण उसवली.

दुपारच्या शिफ्टला याच गाडीतून आलेला कोंडिबा खिडकीतून वाकून बघत होता. "मागं बी पट्टा असतो व्हय? मी आपला तीन वर्सं दांडीला लोंबकळून येतोय."

"तू जा की कामावर," ईश्वर म्हणाला.

सहा पट्टे पुरते बाहेर आले. अगदी मागची, डाव्या कोपऱ्यातली सीट राहिली.

"ही ऱ्हाऊ द्या, मॅडम. माझी पोरगी शितल इथंच पॅकिंगला हाय. रोज ह्याच सीटवर बसून येती. धोका असता तर घरच्या माणसाला बसवलं असतं व्हय?"

प्रांजलने टेपचं एक टोक त्याच्या हातात दिलं आणि पट्टा ओढला. तो अडकला. तिने सैल सोडून परत ओढला. मग तिच्या हातातून घेऊन ईश्वरने, एक पाय सीटला लावून, स्वतः ओढला.

एकवीस सेंटिमीटर.