डावीकडचा फोटो

“ही निळी ट्यूब बरी. पिवळी नुसतीच चिकट,” सगुणाबाई टाचेच्या भेगांत क्रीम चोळत म्हणाल्या.

“आई, उन्हानं आलेल्या सुरकुत्यांवरची महागडी रेटिनॉल क्रीमं आहेत ती!” कुंदा चिडली.

“सुरकुत्या जातात डोंबल!” सगुणाबाई फिसकन हसल्या. प्रत्येक कंपनी जाहिरातीत डावीकडे त्यांचाच चेहरा छापायची, मिठागरातल्या उन्हानं करपलेला. खाली लिहायची, ‘आधी’. उजवीकडे त्यांची लेक कुंदा, ‘नंतर’. दोघींचं नाक तेवढं सारखं होतं, पण दुनियेला तेवढं पुरत होतं. बावळट मेले, पैसे मोजून क्रीम आणत आणि तोंडाला फासत. इकडे फुकटच्या ट्यूबा सगुणाबाईंच्या टाचांना.

कुंदाचा फोन वाजला. नव्या क्रीमच्या जाहिरातीचा फोटोवाला होता. त्याचा आवाज सगुणाबाईंनाही ऐकू येत होता.

“मॅडम, या वेळी डावीकडे तुमचा फोटो घेऊ. आईंना आणू नका. उजवीकडे तुमची मुलगी. कॉलेजात गेली ना? घेऊन या तिला.”

कुंदानं फोन ठेवला. मग तिनं पिवळी ट्यूब बाजूला सारली आणि निळी उचलून त्यातलं क्रीम डोळ्यांखाली चोळलं.

“आई, हीच बरी ना?”

सगुणाबाईंना हसू आलं नाही.