ताईचा पासवर्ड

अपघातानंतर ताईला थेट ऑपरेशनसाठी आत नेलं. तिच्या फोनचा तर रस्त्यावरच चुरा झाला होता. डॉक्टरांनी धाकट्या भावाला विचारलं, "त्यांना कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का? लवकर सांगा."

होती, एवढं त्याला ठाऊक होतं. पण औषधाचं नाव काही केल्या आठवेना. जुने रिपोर्ट तिच्या मेलमध्ये होते. त्याने उभ्याउभ्याच आपल्या फोनवर तिचं खातं उघडायला घेतलं. वर्षानुवर्षं पासवर्ड एकच, मांजरीचं नाव. तो चालेना. मग जन्मतारीख, आईचं नाव, जुन्या घराचा नंबर. घामेजलेली बोटं काचेवरून सटकत होती. चौथ्या वेळी स्क्रीनवर अक्षरं उमटली, 'खातं चोवीस तासांसाठी बंद.'

"आता थांबता येणार नाही," म्हणत डॉक्टर आत वळले.

तो भिंतीला टेकला. गेल्या रविवारी त्यानेच तिला तासभर झापलं होतं, "ताई, नाव नको, तारीख नको, कुणाला अंदाज येईल असं काहीच नको. आणि नवा पासवर्ड मलासुद्धा सांगू नकोस!"




आयुष्यात पहिल्यांदाच ताईने त्याचं ऐकलं होतं.