गोठलेल्या बाटल्या

"पहिल्यांदा येणारा इथे पाहुणा," म्हणत तालंत टॅक्सीवाल्यानं जीपाराला दारासमोरच्या मानाच्या जागी नेऊन बसवलं. "बस मुकाट्यानं. आणि किटलीला हात लावायचा नाही!" घरी सगळ्यांना चहा तीच ओतायची, त्या सवयीनं तिचा हात किटलीकडे गेलाच होता. सगळे हसले.

नारीन गावातल्या वाचनालयामागची ती खोली. भिंतीला टेकून पाच-सात माणसं, मध्ये अंथरलेल्या फडक्यावर पाव आणि जर्दाळूचा मुरंबा. दारू सोडलेल्यांची, सोडू बघणाऱ्यांची बैठक. दाताच्या डॉक्टरकडे जाते, असं घरी सांगून ती आली होती. बोलायची वेळ आली की एकदाचं बोलून टाकायचं, मग जे होईल ते होवो, असं मनाशी घोकत होती. तेवढ्यात दार उघडलं आणि टोपीवरचा बर्फ झटकत अक्मत आत आले. तिचे सासरे.

कुठल्या सुनेची छाती आहे, सासऱ्यासमोर मानाच्या जागी बसायची? ती ताडकन उठली. पण जाणार कुठून? दोन्ही बाजूंना माणसं, मध्ये पाव मांडलेला, आणि दारात खुद्द सासरे.

अक्मत तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांचा चेहरा पडला. "सासूनं पाठवलं ना तुला? माझ्या मागावर?"

नाही म्हटलं तर मग कशाला आलीस, ते सांगावं लागणार. हो म्हणणं सोपं होतं. तिनं मान डोलावली.

"वा रे नशीब!" तालंत म्हणाला. "यांची सून यांना शोधत येते. माझी मला घरात घेत नाही."

अक्मत दाराशीच बसले. "बैस, सूनबाई. ऐक आणि जाऊन सांग तिला." मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "माझं नाव अक्मत. मी दारुडा."

"सलाम, अक्मत आके!" सगळे आदरानं एका आवाजात म्हणाले. जीपाराचे ओठ मिटलेलेच राहिले. सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं. लग्न होऊन आल्यापासून तिनं ते घेतलं नव्हतं.

"उन्हाळ्यात सोडली मी, तुम्हाला ठाऊकच आहे. आता नातू चालायला लागलाय. त्याच्या पायात बांधलेली दोरी कापायचा समारंभ करायचा म्हणजे गावजेवण आलं. पाहुण्यांसाठी वोडका आणून गोठ्यात चाऱ्याखाली ठेवली होती. परवा बायकोनं बाटल्या काढल्या, तर सगळ्या दगडासारख्या गोठलेल्या. एक तर फुटलेली." त्यांनी हात पसरले. "तुम्हीच सांगा, वोडका अशी गोठते कधी?"

कुणी हसलं नाही. वरून पाणी भरून ठेवायची ती युक्ती तिथे कुणाला नवी नव्हती.

"ती म्हणते, प्यालास आणि पाणी भरलंस. मॉस्कोहून पोरानं फोनवर माझी खरडपट्टी काढली. मी म्हटलं, मी नाही! पण मग माझं मलाच वाटायला लागलं. पूर्वी प्यायचो तेव्हा सकाळी काही म्हणता काही आठवायचं नाही. तसाच झोपेत उठून प्यालो असेन. मग कसली सोडली मी? कशाला तुमच्यासमोर खोटं बोलत बसू? आज शेवटचा आलोय. नाहीतरी पितो म्हणतात, तर पितोच."

"आके, असं करू नका," तालंत म्हणाला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

अक्मतनी पावाचा तुकडा मोडला, निघताना मोडतात तसा. तोंडात टाकला आणि ते उठले.

जीपारा मनात हिशेब मांडत होती. बोलावं तर सासू तिला माहेरी धाडणार आणि पोर ठेवून घेणार. न बोलावं तर हा म्हातारा आज इथून उठून सरळ गुत्त्यावर जाणार. देवा, मला इथून उचल, असं तिला वाटलं. सासऱ्यांचा हात दाराच्या कडीवर गेला.

"बाबा, थांबा!"

चारचौघांत सासऱ्याला सून अशी हाक मारत नाही.

"माझं नाव जीपारा," ती खाली मान घालून म्हणाली. "मी दारू पिते. त्या बाटल्या मी संपवल्या. पाणी मीच भरलं."

सलाम म्हणायचंही कुणाला सुचलं नाही. आता शिव्या पडतील, म्हणून तिनं डोळे मिटले.

"म्हणजे मी प्यालो नव्हतो," अक्मत हळूच म्हणाले. मग ओरडलेच, "ऐकलंत का रे? मी प्यालो नव्हतो!" म्हातारा रडतही होता आणि हसतही होता. ते मटकन खाली बसले. तालंत त्यांची पाठ थोपटत राहिला.

बऱ्याच वेळानं त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती तशीच उभी होती. घरी काय होईल ते त्यांनाही दिसलं असावं. त्यांचं हसू विरलं.

"घरी बोलू नकोस," ते म्हणाले. "घरी मीच प्यालो. शिव्या खायची मला सवय आहे, पोरी. पोराशिवाय राहायची तुला नाही."