हरकत असल्यास

"माणसाचं लग्न ही त्याची स्वतःची बाब आहे. त्यात सरकारनं नाक खुपसणं म्हणजे लोकशाहीचा खून आहे!" विवाह नोंदणी कार्यालयाच्या व्हरांड्यात बाळासोंनी जाहीर केलं.

"पाय वर घ्या," आकाराम शिपाई म्हणाला. "फरशी पुसायची हाय."

बाळासोंनी पाय वर घेतले. ओलं फडकं लोकशाहीखालून फिरून गेलं.

डोक्यावर, भिंतीवरच्या काचेच्या पेटीत त्यांची नोटीस होती. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले विधुर बाळासो आणि सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या विधवा तानाबाई, दोघंही राहणार कसबा बावडा, लग्न करू इच्छितात. कुणाची हरकत असल्यास महिन्याच्या आत कळवावी. बाळासो मराठा, तानाबाई बौद्ध. म्हणून नोंदणीची वाट धरलेली, तर त्या वाटेवर सरकारनं हा महिन्याचा नाका बसवलेला. जिना चढून येणाऱ्या कुणीही वाचावं आणि वाटलं तर आडवं पडावं.

तेव्हापासून बाळासो रोज डबा घेऊन यायचे आणि पेटीखालच्या बाकड्यावर कार्यालय बंद होईपर्यंत बसायचे. म्हातारा पहाऱ्याला बसलाय, असं सगळं कार्यालय म्हणायचं. काचेवर धूळ दिसली की ते रुमालानं पुसत. त्यांच्या नोटिशीवर दुसरी कुणाची टाचली गेली, तर साहेबांच्या मागं लागून आपली वर घ्यायला लावत. "लपवायचं काय त्यात? वाचू दे की जगाला!" कुणी पेटीसमोर रेंगाळलं की उठून त्याच्या तोंडाशी तोंड नेत.

"पावणं, वाचलंसा? मग? काय हरकत हाय?"

आवाज ऐकूनच पावण्याला घाम फुटायचा. "माझी कशाला असंल वो?" म्हणत तो जिना उतरायचा. बाळासो पुन्हा बाकड्यावर टेकायचे. दमून जायचे बिचारे.

प्रकरण सुरू झालं ते बावड्याच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात. व्यक्तिस्वातंत्र्यावर बाळासोंचं भाषण होतं. एकट्या माणसानं काय खावं, किती वाजता उठावं, संसार कुणाशी करावा, करावा की नाही, हे त्याचं त्यानं ठरवावं, असं ते म्हणाले. सगळ्यांत जास्त टाळ्या तानाबाईंनी वाजवल्या. दुसऱ्या दिवशी त्या कोंबडीच्या रश्श्याचा डबा घेऊन दारात हजर.

"तुमचं भाषण पटलं मला. मग कधी करायचं?"

बाळासोंचे कान लाल झाले. "बघू," ते म्हणाले. त्या वयात माणसाला यापेक्षा जास्त लाजता येत नाही. पुढचं सगळं तानाबाईंनीच बघितलं.

भीती होती ती नातेवाइकांची. शिरोळच्या चुलतभावानं आजवर बाळासोंच्या बांधाला, विहिरीला, एकदा तर त्यांच्या म्हशीच्या नावालाही हरकत घेतलेली. अशा माणसाला बाळासोंनी आपण होऊन फोन केला. छाती लागते. तो आला, नोटीस बोट ठेवून वाचली आणि बाळासोंच्या पाठीवर थाप मारली.

"जातबित आता कोण बघतंय, बाळू? तुझ्या घरात दिवा लागला म्हंजे झालं." व्हरांडाभर पेढे वाटून तो गेला.

संध्याकाळी बाळासोंचं बीपी चढलं. तानाबाईंनीच मोजलं.

"काय हो पाटबंधारे, दमलासा?" दुपारी डब्याला त्या कधीमधी येऊन बसत.

"दमलोय."

"आता थोडं ऱ्हायलंय. मग मी हायच की. पहिल्यांदा तुमचा तो रेडिओ बघते. दिवसभर बोंबलत असतोय. आणि वाटंल तेव्हा चहा बंद."

बाळासो तोंडातला घास बराच वेळ चावत राहिले.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपार टळल्यावर विश्वजित, त्यांचा मुलगा, पुण्याहून थेट कार्यालयात आला. तोंड आवळलेलं. बापाकडं न बघता तो पेटीपुढं गेला. नोटीस वाचली. पुन्हा वाचली.

"आण्णा, मला एका शब्दानं सांगितलं न्हाईसा तुम्ही. शिरोळच्या काकांकडनं कळायचं मला?"

बाळासो उठून उभे राहिले.

"साहेब कुठं बसत्यात?" विश्वजितनं आकारामला विचारलं आणि आत गेला. दार लागलं. आकारामनं फडकं खाली ठेवलं. बाळासो कठडा धरून त्या दाराकडं असे बघत होते, की आकारामला बघवेना. शेवटच्या दिवशी पोटचा पोरगाच आडवा आला.

दार उघडलं. विश्वजितचे डोळे ओले होते.

"साहेबांना सांगून आलो, माझी काही हरकत न्हाय म्हणून. चुकलं आमचंच, आण्णा. इतकी वर्षं तुम्ही एकटं काढलीसा आणि आम्ही नुसतं फोनवर 'जेवला का' इचारत ऱ्हायलो." त्यानं वाकून बापाचे पाय धरले. "खाली गाडीत तुमची सून हाय, स्वप्नाली. तानामावशींना घेऊन साडी बघायला निघालोय. तुमचं आवरलं की या."

बाळासोंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. आतले साहेबही नाक शिंकरत होते. विश्वजित जिना उतरून गेला. व्हरांडा रिकामा झाला.

"जिंकलासा की, आण्णा!" आकाराम गहिवरून म्हणाला. "सरकारला पुरून उरलासा!"

बाळासोंनी डोळे पुसले. जिन्यात डोकावून कुणी नाही याची खात्री केली. मग आकारामचा दंड धरून त्याला भिंतीकडं ओढलं.

"आकाराम, साहेब अजून बसल्यात न्हवं?"

"हायत की. का वो?"

"माणसाचं डोकं ठिकाणावर नसलं तर लग्न थांबवत्यात म्हनं," बाळासो हळूच म्हणाले. "माझ्या डोक्याला तेवढी एक हरकत तू घे की, बाबा."