अजून थोडी जवळ

आई गेल्यावर तिची एकच टेप उरली. तिच्यात ती बोलत नाही, नुसती गुणगुणते. स्टुडिओत मी ती टेप साफ करत होतो. शेजारी बाबा डोळे मिटून ऐकत होते.

"जरा जवळ आण की तिला."

मी इक्वलायझरचं बटण हळूच फिरवलं.

"हां! आता कशी दाराशी आल्यासारखी वाटते."

मलाही तसंच वाटलं. मग दिसलं, इक्वलायझर मी चालूच केला नव्हता. आमच्या धंद्यात कान असे नेहमी फसतात. पण बाबांना ते सांगणं जिवावर आलं.

"अजून थोडी," ते म्हणाले.

त्यांच्या समाधानासाठी मी ते बंद बटण पुन्हा फिरवलं.

गुणगुणणं थांबलं.

"बास रे बाळा," स्पीकरमधून आई म्हणाली. "याहून जवळ नाही येता येत मला."