कुंदाताईंनी अडवलेला स्ट्रोक

निरोपाचा समारंभ मैदानावरच होता. वीस वर्षं हॉकी क्लबचा गोल सांभाळून कुंदाताई निवृत्त होत होत्या आणि ज्याच्या हाती माइक येईल तो आपली लाडकी आठवण सांगत होता.

रिक्षावाले गफूरकाका उठले. "गेल्या वर्षीची फायनल. शेवटचं मिनिट, पेनल्टी स्ट्रोक. ताईंनी डावीकडे अशी झेप घेतली, की माझ्या हातातला वडा हातातच राहिला."

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतली दहावीतली ओवी मात्र हात मांडीखाली दाबून बसली. त्या दिवशी मध्यंतराआधी ताईंचं बोट मोडलं होतं. क्लबकडे गोलकीपरचं सामान एकच, म्हणून ताईंचीच जर्सी, पॅड आणि जाळीचं हेल्मेट चढवून राखीव ओवी उतरली होती. स्ट्रोक तिने अडवला, पेपरात नाव ताईंचं आलं. वर्षभर ती गप्प होती.

कुंदाताईंनी माइक घेतला. "मी तेव्हा दवाखान्यात बोट बांधून घेत होते. गोलमध्ये ही ओवी होती."

सगळे हसले. "बघा ताईंचा मोठेपणा," कुणीतरी म्हणालं.

"मोठेपणा कसला? तेव्हाच सांगायला हवं होतं. टाळ्या गोड लागल्या, राहून गेलं."

हसू थांबलं. गफूरकाका हिरमुसले. "असं कसं, ताई? वर्षभर प्रत्येक पॅसेंजरला हीच गोष्ट सांगतोय मी. आता काय करू?"

ओवी उभी राहिली.

"गोष्ट तीच ठेवा, काका. नाव तेवढं बदला."