अर्ध्या हॉलची चकाकी

"माणसाची किंमत शेवटी त्याच्या पायाखालच्या जमिनीवरून ठरते," असं दादांनी सकाळी जाहीर केलं. त्या वेळी ते स्वतः त्या जमिनीवर ओणवे होते. एका हातात फडकं होतं आणि दुसरा हात कमरेवर अडकला होता.

बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, "उठवायला येऊ का?"

"नको," दादा म्हणाले. मग जरा वेळानं म्हणाले, "ये."

जमीन लॅमिनेटची होती. नवी होती तेव्हा तिच्यात छताचा पंखा दिसायचा. आता काहीच दिसत नव्हतं. आरशावर वाफ धरावी तसा पांढुरका थर हॉलभर बसला होता. एरवी दादांना त्याचं काही वाटलं नसतं, पण आज आई येणार होती. बाथरूममध्ये पडून तिचा खुबा मोडला, तेव्हा चिमीनं, म्हणजे दादांच्या धाकट्या बहिणीनं, तिला दवाखान्यातून महिनाभरासाठी म्हणून परस्पर आपल्याकडे नेलं होतं. तो महिना काही संपायला तयार नव्हता. अखेर काल फोन आला.

"उद्या दुपारी आणते तिला. तिथं जमेलसं वाटलं तर राहील, नाहीतर चहा पिऊन परत," चिमी म्हणाली. आणि ठेवता ठेवता, "तेवढी हॉलची जमीन बघ, दादा. मागच्या वेळी मला वाटलं, आजारी आहे."

आईनं राहावं, एवढंच दादांना हवं होतं. पण ते चिमीला सांगणं जिवावर येत होतं, म्हणून ते जमिनीच्या मागे लागले होते.

आधी त्यांनी साबणाचं पाणी वापरलं. जमीन वाळली आणि होती त्याहून पांढरी झाली. दादांनी आणखी साबण घातला. सरकारी खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला एवढं तर कळतंच, की उपाय लागू पडत नसेल तर तोच दुप्पट करायचा.

"साबणच बसलाय तो," बायको म्हणाली. "पाण्यात थोडं व्हिनेगर टाका, फडकं घट्ट पिळा आणि लगेच कोरड्यानं पुसा. दोन-चारदा केलं की निघेल."

"दुपारपर्यंत?"

"रविवारपर्यंत."

दादांनी कपाटातून फर्निचरच्या पॉलिशचा डबा काढला.

"अहो, ते टेबलाखुर्च्यांचं आहे."

"टेबल लाकडाचं, जमीन लाकडाची."

"ही कुठली लाकडाची? लाकडाचा फोटो आहे, वर प्लास्टिक."

"मग फोटो चमकवतो," दादा म्हणाले, आणि बायकोनं हात झटकले. जमिनीबाबतही आणि दादांबाबतही.

चिमी दारातूनच येणार होती, म्हणून त्यांनी दारापासून सुरुवात केली. फवारा मारायचा, घासायचं, मागे सरकायचं. आणि खरोखर चकाकी आली. पंखा दिसला. पंख्यावरची धूळही दिसली. थोड्या वेळानं त्यांना स्वतःचा चेहरा दिसला, तो मात्र त्यांनी घाईनं पुसून पुढं ढकलला.

हॉलच्या बरोबर मध्यावर डब्यानं 'फुस्स' केलं आणि तो रिकामा झाला. दादांनी तो हलवला, उलटा धरला, बुडावर थापट्या मारल्या. तीस वर्षांत एकाही वरिष्ठाला जे बोलायची हिंमत झाली नव्हती, ते सगळं त्या डब्याला ऐकवलं. काही उपयोग नाही. हॉलच्या मधोमध स्पष्ट रेघ उमटली होती. अलीकडे राजवाडा, पलीकडे बस स्टँड. आणि आईची खोली नेमकी बस स्टँडच्या टोकाला.

बेल वाजली.

दारात आई वॉकर धरून उभी होती. ती हडकली होती. मागे चिमी दोन्ही हात पसरून, जणू कुणी आईला फेकणार आहे आणि तिला ती झेलायची आहे.

"अगं बाई," चिमी म्हणाली. "दादा, हॉटेल काढलंस की काय?"

दादांना बरं वाटलं. ते साधारण आईनं पहिलं पाऊल टाकेपर्यंत टिकलं. तिनं वॉकर आत ठेवला आणि तो तिला न घेताच पुढे निघाला. बायकोनं धावत येऊन वॉकर धरला, चिमीनं आईला. आईनं चौकट धरली. दादांनी धरण्यासारखं काही उरलं नव्हतं, ते नुसतेच उभे राहिले.

"झालं," चिमी म्हणाली. "आई, चल, घरी जाऊ आपण."

'घरी' हा शब्द दादांना खुब्यापर्यंत लागला. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आत फक्त पॉलिशचा वास होता.

आई दाराशी असलेल्या, बूट घालायच्या स्टुलावर टेकली. तिला धाप लागली होती. तिनं आधी जवळच्या चकाकीकडं पाहिलं, मग लांब, आपल्या खोलीच्या दारापर्यंत.

"तिकडं नाही का केलंस?"

"डबा संपला."

"बरं झालं," आई म्हणाली. मग चिमीकडं वळून, "माझ्या कपड्यांची पिशवी गाडीत ठेवलीय मी, सीटखाली. ती घेऊन ये."

"अगं, पण आई..."

"येताना कुलूप लाव गाडीला. विसरतेस."

चिमी गेली. बायको चहा टाकायला वळली. दादा अजून तसेच उभे होते, हातात रिकामा डबा. आईनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जसं ती त्यांना शाळेत पाठवण्याआधी न्याहाळायची.

"बाळ्या," ती म्हणाली, "चहा होईपर्यंत एवढं करशील? हे इकडचं तिकडच्यासारखं करून टाक."